मदत हवी आहे: लेकीला कमोगी खेळायची आहे

नमस्कार मंडळी. आयर्लंडमध्ये किलकेनी परगण्यातल्या बॅलीहेलला येऊन आम्हाला सहा महिने झाले. गाव एवढंसं, पण इथल्या शॅमरॉक्स क्लबने हर्लिंगचं (काठी आणि चेंडूने खेळायचा आयरिश मैदानी खेळ) अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद 9 वेळा जिंकलंय, शेवटचं 2023 मध्ये. हर्लिंगचा नावाजलेला खेळाडू हेन्री शेफलिन याच गावचा. खेळाडूंना पगार नाही. रविवारी गावासाठी जीव तोडून खेळतात आणि सोमवारी आपापल्या कामावर जातात. मला आमच्या गावचा कबड्डी संघ आठवतो, गळा भरून येतो.

आता लेकीनं (वय 8) कमोगीचा, म्हणजे मुलींच्या हर्लिंगचा, ध्यास घेतलाय. शेजारच्या आजोबांनी ॲश लाकडाची जुनी हर्ली, म्हणजे खेळायची काठी, दिलीय, पण ती तिच्या छातीपर्यंत येते. कुणाची मुलं खेळत असतील तर सांगा: आठ वर्षांच्या मुलीला हर्ली किती लांब घ्यावी? हेल्मेट जुनं चालेल का? चेंडू कठीण असतो, बोटांना लागतं म्हणून हातमोजा लागतो का? आणि तिच्याबरोबरच्या मुली चार वर्षांच्या असल्यापासून खेळताहेत. उशिरा सुरू केलेल्या तुमच्या मुलांना रुळायला किती वेळ लागला? शनिवारी पहिला सराव आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.