शब्दचर्चा : 'दंगल', 'उठाव' की 'उद्रेक'?

प्रश्न

मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाल्यानंतर अमेरिकेत जे घडलं, त्यावरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. मूळ मजकुरात रायट, अपरायझिंग आणि अनरेस्ट हे तीन शब्द वेगवेगळ्या ठिकाणी येतात. पहिल्या खर्ड्यात मी तिन्हींच्या जागी 'दंगल' लिहून मोकळी झाले. तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीनं एवढंच लिहून पाठवलं : "कुणाची कुणाशी?" तिथेच अडले आहे. जाणकारांनी मदत करावी.

उत्तर

बाईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. ३५ वर्षं मराठी दैनिकांच्या डेस्कवर काढली, त्यात हा शब्द मीही शेकडो वेळा डोळे मिटून वापरला. कारण साधं होतं. एककॉलमी मथळ्यात 'दंगल' बसते, 'निदर्शकांचा उद्रेक' बसत नाही. रात्री दीडला पान सोडायचं असलं की तीन अक्षरी शब्द हाताशी येतो आणि आपण तो लावून टाकतो.

पण 'दंगल' म्हटलं की मराठी कानाला काय ऐकू येतं? दोन जमाव. इकडची वस्ती आणि तिकडची वस्ती. १८९३ची मुंबई, १९८४ची भिवंडी, १९९२-९३ची पुन्हा मुंबई. कुस्त्यांच्या जंगी फडालाही आपण 'दंगल' म्हणतो, तिथेही समोरासमोर दोघं लागतातच. शब्दाच्या पोटातच दोन बाजू आहेत. म्हणून "मिनियापोलिसमध्ये दंगल" हा मथळा वाचणाऱ्या आपल्या माणसाला वाटतं, गोरे आणि काळे एकमेकांच्या अंगावर गेले. तसं झालं नव्हतं.

झालं ते असं. २५ मे २०२० रोजी ३८वा रस्ता आणि शिकागो अव्हेन्यू यांच्या चौकात डेरेक शॉव्हिन या पोलिसानं फ्लॉइड यांच्या मानेवर ९ मिनिटं २९ सेकंद गुडघा दाबून धरला. त्यानंतर लोक रस्त्यावर आले आणि २८ तारखेच्या रात्री तिथलं तिसऱ्या विभागाचं पोलीस ठाणं पेटलं. जाळपोळ झाली, दुकानं लुटली गेली, त्यात सामान्य माणसांचं नुकसान झालं. यातलं काही लपवायचं कारण नाही. पण लोकांचा राग होता पोलिसांवर, शेजारच्या वस्तीवर नव्हे. बाईंच्या "कुणाची कुणाशी?"ला 'दंगल' या शब्दाकडे उत्तर नाही, ते यामुळे.

माझा अनुभव असा की, कृती लिहिता येत असेल तर शिक्का टाळावा. 'दगडफेक', 'जाळपोळ', 'लुटालूट', 'ठाणं पेटवलं', 'रस्ता अडवला' हे शब्द काय घडलं ते सांगतात आणि वाचकाला निकाल देत नाहीत. शिक्का मारावाच लागतो तिथे मात्र प्रत्येक घटना वेगळी बघावी लागते. तीन उदाहरणं देते.

पहिलं टल्साचं. ओक्लाहोमा राज्यातल्या या शहरात ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावानं ग्रीनवूड ही काळ्या लोकांची भरभराटीची वस्ती जाळून बेचिराख केली. ३५ गल्ल्यांची राख झाली. पुढची कित्येक दशकं त्याचं नाव होतं टल्साचा 'रेस रायट'. आता यातली कळीची गोष्ट बघा. तेव्हाच्या विमा पॉलिसींत कलम असे की रायटमध्ये झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. घरं-दुकानं गमावलेल्या माणसांचे दावे त्या कलमावर बोट ठेवून फेटाळले गेले. एका शब्दानं माणसाचं घर दुसऱ्यांदा गेलं. १९९७ साली राज्यानं चौकशी आयोग नेमला, त्याच्याही नावात रायटच होतं; शताब्दीसाठी नेमलेल्या आयोगानं २०१८ साली तो शब्द काढून 'मॅसॅकर' घातला. मराठीत याला 'दंगल' म्हणणं म्हणजे तीच चूक शंभर वर्षांनी पुन्हा करणं. हे हत्याकांड आहे, तसंच लिहायचं.

दुसरं लॉस एंजेलिस, १९९२. रॉडनी किंग या काळ्या माणसाला पोलीस बेदम मारत असल्याची चित्रफीत सगळ्या जगानं पाहिली होती, तरी २९ एप्रिलला ज्यूरीनं पोलिसांना दोषी धरलं नाही. पुढच्या काही दिवसांत ६३ माणसं गेली. तिथले बरेच काळे लोक त्याला 'अपरायझिंग' म्हणतात, सरकारी कागदांत 'सिव्हिल अनरेस्ट' सापडतं. पण त्याच शहरातल्या कोरियन लोकांची दोन हजारांहून जास्त दुकानं लुटली किंवा जाळली गेली. त्याआधी वर्षभर धुमसणारं कारणही होतं : एका कोरियन दुकानदारणीनं १५ वर्षांच्या काळ्या मुलीला गोळी घातली होती आणि शिक्षेत तुरुंगवासाचा एक दिवसही नव्हता. कोरियन लोक या घटनेला ना रायट म्हणतात ना अपरायझिंग. ते म्हणतात 'सा-ई-गू'. चार-दोन-नऊ. नुसती तारीख. ज्याचं दुकान जळलं, त्याला कुणाच्याच विशेषणात आपलं दुःख मावताना दिसलं नाही, असं मला त्यातून वाटतं. इथे 'उद्रेक' लिहिलं तर कोरियन दुकानदार अदृश्य होतो आणि 'दंगल' लिहिलं तर ज्यूरीचा निकाल अदृश्य होतो. मी 'निकालानंतरचा हिंसाचार' असं लिहीन आणि दोन्ही गोष्टी पुढच्याच वाक्यात सांगेन.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. बाजारचा दिवस होता. शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर चाल केली आणि सगळ्यात आधी मागितले ते कर्जरोखे. मिळाले तिथे चौकात होळी केली. सरकारनं आयोग नेमला, त्याच्या नावात 'डेक्कन रायट्स' आलं, आणि शाळेच्या पुस्तकांतून ते 'दख्खनचे दंगे' म्हणून आपल्याकडे उतरलं. पुढे आपल्याच अभ्यासकांनी 'शेतकऱ्यांचा उठाव' म्हणायला सुरुवात केली. १८५७ची कथाही तशीच, 'शिपायांचं बंड' ते 'स्वातंत्र्यसमर'. म्हणजे कोणत्या शब्दाचं वजन किती, हे मराठी वाचकाला शिकवावं लागत नाही. मिनियापोलिसच्या बातमीपाशी आल्यावर आपण ते विसरतो, एवढंच.

वकिलीच्या बाजूनं थोडी भर

ताईंशी सहमत. फक्त कायद्याची भाषा वेगळी ठेवा. आपल्या भारतीय न्याय संहितेत कलम १८९ बेकायदेशीर जमावाचं आणि १९१ दंग्याचं. पाच माणसं लागतात. मिनियापोलिस ज्या राज्यात येतं, त्या मिनेसोटाच्या कायद्यात तीन पुरतात. तेव्हा "अमुकांवर रायटचा गुन्हा" असं मूळ मजकुरात असेल, तर तिथे 'दंग्याचा गुन्हा' असंच लिहावं लागेल, उठाव वगैरे चालणार नाही. आपल्या फिर्यादीत "गैरकायद्याची मंडळी जमवून दंगा केला" हे वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं उतरतं. चार विद्यार्थी आणि त्यांच्या सोबत आलेली एक आई, एवढ्यांनाही ते लावलेलं मी पाहिलंय. घरात मात्र 'दंगा' म्हणजे पोरांचा आरडाओरडा! हे अंतर लक्षात असू द्यावं.

पुन्हा उत्तर

भर मोलाची आहे. आरोप, कलम आणि कुणाच्या तोंडचं वाक्य, या तीन ठिकाणी आपली निवड चालवायची नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६६ साली दिलेल्या मुलाखतीत आणि पुढेही म्हटलंय की रायट ही न ऐकल्या गेलेल्यांची भाषा आहे. त्यांनी मुद्दाम तोच बोचणारा शब्द घेतला. अहिंसेवरची निष्ठा तसूभर न सोडता, रायटचा निषेध करत करत ते हे बोलले. तिथे 'उठाव' लिहून आपण त्यांचं वाक्य सुधारायला गेलो तर त्याचा जीवच जाईल.

आता 'अनरेस्ट'. बहुतेक ठिकाणी 'अशांतता' दिसते. मला ती पटत नाही. अशांतता म्हणजे आधी शांतता होती आणि कुणीतरी ती बिघडवली. आपल्याकडे याहून भक्कम शब्द आहे. व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० साली 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात टिळकांवर ठपका ठेवला की हे या अनरेस्टचे जनक. टिळकांनी लंडनच्या कोर्टात त्यांच्यावर दावा लावला आणि हरले. पण मराठीनं तो ठपका उचलून 'असंतोषाचे जनक' असा मानाचा तुरा करून टाकला. 'असंतोष' माणसाच्या मनात असतो आणि त्याला कारण असतं. २०२०च्या सप्टेंबरात एपी या वृत्तसंस्थेनं आपल्या लेखनसंकेतांत 'रायट' जपून वापरा, 'अनरेस्ट' हा जास्त मोघम आणि सौम्य शब्द आहे, असं सांगितलं होतं. आपला 'असंतोष' मोघम नाही, उलट तो कारण विचारायला लावतो. तुझ्या लेखात दगडफेकीच्या आधीच्या दिवसांबद्दल 'अनरेस्ट' असेल तर बिनधास्त 'असंतोष' लिही. पेटल्यानंतरच्या रात्रींबद्दल असेल तर 'उद्रेक' चालेल. मात्र एक लक्षात ठेव, उद्रेक ज्वालामुखीचा होतो, साथीचा होतो. शब्द सारखा वापरला की माणसं निसर्गातली आपत्ती होऊन बसतात आणि त्यांच्या मागण्या कुणी विचारत नाही.

आणि '-खोर'. ही गोष्ट मला फार लागते. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर, दंगलखोर. हा प्रत्यय कृती सांगत नाही, स्वभाव सांगतो. एका रात्री दगड मारलेल्या मुलाला 'दंगलखोर' म्हटलं की तो जन्माचाच तसा ठरतो. 'दगडफेक करणारे' लिहायला चार अक्षरं जास्त लागतात. ती लागू देत.

प्रश्नकर्तीकडून

ताई, खूप आभार. आणखी एक. लेखात काळा, गोरा फार वेळा येतं. मी 'कृष्णवर्णीय' लिहिलंय. बरोबर ना?

उत्तर

शब्द चुकीचा नाही. पण तुझा खर्डा एकदा या नजरेनं वाच : 'कृष्णवर्णीय'च्या शेजारी काय लिहिलंयस? मराठी पेपरांत सर्रास "गोऱ्या पोलिसाकडून कृष्णवर्णीयाची हत्या" असं येतं. एकाला घरातला शब्द आणि दुसऱ्याला संस्कृतातून आणलेली शाल. 'काळा' म्हणणं अपमान वाटतो म्हणून आपण शाल घालतो. अपमान का वाटतो? कारण स्थळं पाहताना आपण 'गोरी' मागतो. विठ्ठलाला सावळा म्हणताना गहिवरून येतं आणि मुलीला सावळी म्हणताना आवाज खाली जातो. तिथले लोक स्वतःला अभिमानानं 'ब्लॅक' म्हणवतात. एपीनं तर २०२०च्या जूनमध्ये तो शब्द मोठ्या अक्षरानं सुरू करायचा ठरवला. देवनागरीत मोठं अक्षर नाही, तेव्हा तो मान आपण दुसऱ्या मार्गानं द्यायचा. एक तर 'काळे' आणि 'गोरे' लिही किंवा 'कृष्णवर्णीय' आणि 'श्वेतवर्णीय'. जोडी फोडू नकोस. 'हबशी' मात्र मलिक अंबरच्या इतिहासात ठेव, आजच्या माणसाला लावू नकोस.

'रेस'साठी 'वंश' की 'वर्ण' हे कोडं जुनंच आहे. 'वर्ण' म्हटलं की चातुर्वर्ण्य आठवतं, 'वंश' म्हटलं की वंशाचा दिवा. अमेरिकेच्या संदर्भात 'वर्णद्वेष' रुळलाय, तोच ठेव. चातुर्वर्ण्याची आठवण झाली तर होऊ दे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली, ती हीच आठवण ठेवून. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली तेव्हा तिनं अमेरिकेतल्या ओकलंडच्या 'ब्लॅक पँथर' या काळ्या लोकांच्या संघटनेचा शब्द तसाच घेतला, त्याचा बिबट्या केला नाही.

मिनेसोटातून

बारा वर्षं इथे राहते म्हणून लिहिते. त्या आठवड्यात भारतातून फोन यायचे, "तुमच्याकडे दंगल सुरू आहे म्हणे!" सासूबाईंनी तर किराणा भरून ठेवायला सांगितलं, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे त्र्याण्णवची मुंबई. मी सांगायचे, आई, इथे कुणी घराघरांत शिरत नाहीये, लोकांचं भांडण पोलिसांशी आहे. तिसऱ्या विभागाच्या ठाण्याजवळ 'गांधी महाल' नावाचं उपाहारगृह होतं, बांगलादेशी मालकाचं. तेही आगीत गेलं. मालकाचे शब्द सगळीकडे पोचले : माझी इमारत जळू दे, न्याय मिळायला हवा. आम्ही तिथे जेवायला जायचो. हे वाक्य आईंना मराठीत सांगताना मला 'दंगल' हा शब्द वापरताच येईना, आणि 'आंदोलन' म्हणावं तर जळालेल्या भिंती समोर होत्या. शेवटी मी फक्त काय झालं ते सांगितलं.

प्रश्नकर्तीकडून

परिच्छेद पुन्हा लिहिला. तपासाल का?

"पहिल्या दिवशी पोलीस खात्यानं काढलेल्या पत्रकाचं शीर्षक होतं, पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय प्रसंगानंतर इसमाचा मृत्यू. डार्नेला फ्रेझर या १७ वर्षांच्या मुलीनं चित्रित केलेली फीत त्याच रात्री लोकांसमोर आली नसती तर नोंद तेवढीच राहिली असती. शहरात बरीच वर्षं साचलेला असंतोष रस्त्यावर आला. हजारो लोकांनी निदर्शनं केली. काही ठिकाणी जाळपोळ आणि लुटालूट झाली. २८ मेच्या रात्री पोलीस ठाणं पेटवण्यात आलं. एप्रिल २०२१ मध्ये शॉव्हिनला खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आलं."

उत्तर

छान झालंय. दोनच दुरुस्त्या. 'पेटवण्यात आलं'मध्ये करणारा गायब आहे, 'जमावानं पेटवलं' लिही. आपल्याकडचा 'सौम्य लाठीमार' पोलिसांचा हात झाकतो, तसाच कर्मणी प्रयोग इथे जमावाचा हात झाकतो. दोघांनाही सूट नको. आणि पत्रकाचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाक. 'संपर्कादरम्यान' हा शब्द पोलिसांचा आहे, तुझा वाटता कामा नये.