गणपती गेले, दिवाळी यायची आहे: नोकरी आत्ता बदलावी की जानेवारीत? (अकाउंट्स, पुणे)

ताळेबंद

मी चाकणच्या एका कारखान्यात सिनिअर अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह आहे. रुजू १ फेब्रुवारी २०२२, सीटीसी (वर्षाचं एकूण पॅकेज) ७.२ लाख, बेसिक महिना २४,०००, नोटीस ६० दिवस. दिवाळीला साधारण एका पगाराएवढा बोनस मिळतो, पण नेमणूकपत्रात अट आहे की बोनस जमा होण्याच्या दिवशी माणूस नोटीसवर नसावा. आता खराडी-बाणेर भागातल्या परदेशी कंपन्यांच्या फायनान्स सेंटरमध्ये, रेकॉर्ड-टू-रिपोर्टच्या (नोंदींपासून आर्थिक अहवालापर्यंतच्या) कामासाठी प्रयत्न करायचा आहे.

अर्ज आत्ता सुरू करावेत की दिवाळीनंतर? काही जण सांगतात की नोव्हेंबर-डिसेंबरात कुणी भरती करत नाही, सरळ जानेवारीत बघ. घरचे म्हणतात पितृपक्ष संपू दे. राजीनाम्याची तारीख कशी ठरवायची तेही सांगा.

भरतीविभाग

अर्ज आजच टाका. पितृपक्षात नव्या जागी रुजू व्हायला बरेच जण नको म्हणतात, ते घरच्यांचं मन राखून सहज जमेल, कारण तुमचं रुजू होणं अजून चार महिने लांब आहे. प्रोफाइल अपडेट करायला मुहूर्त लागत नाही.

भरती बंद नसते, तुटक होते. या वर्षीचं, २०२६ चं, कॅलेंडर समोर ठेवा. दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ ला. अमेरिकी कंपन्यांचं थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला. त्यानंतर तिकडचे मॅनेजर रजा लावायला लागतात आणि डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून शेवटच्या फेरीसाठी माणूसच मिळत नाही. म्हणजे खऱ्या कामाच्या दोन खिडक्या आहेत: दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासून ४ नोव्हेंबरपर्यंत, आणि १२ ते २५ नोव्हेंबर. पहिल्या खिडकीत एचआर आणि तांत्रिक फेरी उरकली, तर दुसरीत मॅनेजरची फेरी आणि ऑफर बसते. दिवाळीनंतर अर्ज टाकणाऱ्याची पहिली फेरी नोव्हेंबरअखेर होते आणि पुढचं सगळं जानेवारीत ढकललं जातं.

पहिल्याच फोनवर एक प्रश्न विचारा: हे पद २०२६ च्या बजेटमधलं की २०२७ च्या? अनेक अमेरिकी कंपन्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं. २०२६ च्या बजेटमधल्या जागेवर त्यांना ३१ डिसेंबरच्या आत माणूस हवा असतो. तसं असेल तर तुम्हाला १ नोव्हेंबरपर्यंत राजीनामा द्यावा लागेल (तो दिवस धरून साठावा दिवस ३० डिसेंबर), आणि दिवाळीचा बोनस हातचा जाऊ शकतो. अशा वेळी बोनसची रक्कम जॉइनिंग बोनस म्हणून मागा. ती मागणी सगळ्यांच्या ओळखीची आहे, संकोच नको. मात्र वर्षाच्या आत सोडल्यास परत करायची अट त्यात बहुतेक वेळा असते, ती वाचून घ्या.

पद २०२७ चं असेल तर घाईच नाही. फेब्रुवारीची जॉइनिंग तारीख ऑफर लेटरवर लिहून घ्या. "जानेवारीत कळवू" या तोंडी शब्दावर राजीनामा देऊ नका. नव्या वर्षाच्या बजेटमध्ये पद गळालं तर तुमच्याकडे काहीच राहत नाही.

पगारपत्रक

ताई, तुमची रुजू तारीख पाहिली आणि लिहायलाच हवं असं वाटलं. ३१ जानेवारी २०२७ ला तुमची पाच वर्षं पूर्ण होतात, म्हणजे ग्रॅच्युइटी (दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणारी रक्कम). २४,००० बेसिकवर हिशोब: २४,००० × १५ ÷ २६ × ५ = ६९,२३० रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत वेतनाची व्याख्या बदलली आहे. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरतात. तुमचं बेसिक ४० टक्क्यांच्या आसपास दिसतं, त्यामुळे आकडा याहून मोठाही निघू शकतो. कोणत्या पायावर काढणार हे पेरोलला मेलवर विचारा.

आता तारीख. ३ डिसेंबरला राजीनामा दिलात तर तो दिवस धरून साठावा दिवस ३१ जानेवारी. दिवाळीचा बोनस तोवर जमा झालेला असेल आणि पाच वर्षंही भरतील. फक्त एका ठिकाणी फार लोक अडकतात: ३१ जानेवारीला रविवार आहे. एचआर सवयीने शेवटचा दिवस शुक्रवार, २९ जानेवारी टाकतं आणि पाच वर्षांना दोन दिवस कमी पडतात. राजीनाम्याच्या मेलमध्येच "कामाचा शेवटचा दिवस ३१ जानेवारी २०२७" असं लिहा आणि स्वीकृतीच्या पत्रात तीच तारीख आहे ना ते पाहा. रिलिव्हिंग लेटर हातात आल्यावर दुरुस्ती मागणं फार अवघड जातं.

चार वर्षं आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी ग्रॅच्युइटी मिळते, असं सगळीकडे वाचायला मिळेल. मद्रास उच्च न्यायालयाचा १९९८ चा तसा निकाल आहे. पण अनेक कंपन्या तो आपणहून मानत नाहीत आणि पैशासाठी अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. ३१ जानेवारीपर्यंत थांबून पाच वर्षं पूर्ण होत असताना तो वाद अंगावर घेऊ नका.

खातेवही

मुलाखतीच्या वेळेबद्दल थोडं. फायनान्सच्या मॅनेजरला महिन्याच्या पहिल्या पाच कामाच्या दिवसांत क्लोजिंग (मागच्या महिन्याचे हिशोब बंद करणं) असतं, त्या दिवसांतली मुलाखत हमखास पुढे ढकलली जाते. आपल्याकडे ७ तारखेला टीडीएस, ११ ला जीएसटीआर-१, २० ला ३बी (ही दोन्ही जीएसटीची विवरणपत्रं), त्यात तुम्हीही गुंतलेल्या असणार. स्वतःहून वेळ सुचवायची संधी मिळाली तर १३ ते १८ किंवा २१ ते २७ या तारखा द्या, सकाळी लवकर. दुपारनंतर अमेरिकेच्या वेळेचे कॉल सुरू होतात.

रिझ्युमेत "जीएल (जनरल लेजर) अकाउंटिंग केलं" एवढ्याने काही कळत नाही. महिन्याला किती जर्नल नोंदी, किती बॅलन्स शीट खात्यांचं रिकन्सिलिएशन (जुळवणी), क्लोजिंग कितव्या कामाच्या दिवशी पूर्ण होतं आणि आधी कितव्या दिवशी व्हायचं, असे आकडे लिहा. कारखान्यातून येणाऱ्यांची खरी ताकद स्टॉक, जीआर-आयआर (आलेला माल आणि आलेलं बिल जुळवणारं खातं) आणि स्थिर मालमत्तेत असते. सेंटरमध्ये बसलेल्या अनेकांनी प्रत्यक्ष गोदाम पाहिलेलं नसतं, तेव्हा हा भाग वर आणा.

सॅप या हिशोबाच्या सॉफ्टवेअरवर काम केलं असेल तर प्रश्न ठरावीक दिशेने येतात (एफबीएस१, एफ.८१ वगैरे हे त्यातले ट्रान्झॅक्शन कोड). तरतुदीची (बिल यायच्या आधी धरलेल्या खर्चाची) नोंद एफबीएस१ ने करून पुढच्या महिन्यात एफ.८१ ने उलटवली नाही तर काय होईल? खर्च दोनदा पडतो, एकदा तरतुदीने आणि एकदा प्रत्यक्ष बिलाने. जीआर-आयआर खात्यात जुनी शिल्लक का राहते? माल आला पण बिल आलं नाही, किंवा बिलाचं प्रमाण आणि आवकेचं प्रमाण जुळत नाही. एफ.१३ ने काय क्लिअर होतं आणि एमआर११ कधी लावायचं? एफ.१३ ने जुळणाऱ्या नोंदी आपोआप, एमआर११ न जुळता उरलेल्या जीआर-आयआर शिल्लकेसाठी. घसारा एएफएबीने, परकीय चलनाचं पुनर्मूल्यन वेगळं. ट्रान्झॅक्शन कोड पाठ असणं पुरेसं नाही. "शिल्लक का उरली" याचं उत्तर देणाऱ्याला जागा मिळते.

नोकरीच्या पोर्टलवर नोटीसच्या रकान्यात खरं लिहा, दोन महिने. "१५ दिवस" लिहून फोन जास्त येतात, पण तिसऱ्या फेरीत खरं कळल्यावर अर्ज तिथेच थांबतो.

ताळेबंद

सगळ्यांचे मनापासून आभार. २९ आणि ३१ तारखेचा फरक लक्षातच आला नव्हता. अजून दोन शंका. जानेवारीत साठलेली रजा घेऊन लवकर सुटता येतं का? आणि धाकट्या भावाचा पगार १८,५०० आहे, त्याने ऑगस्टमध्ये नोकरी सोडली. त्याचा दिवाळी बोनस बुडाला का?

पगारपत्रक

भावाचा बोनस बुडालेला नाही. त्याची बाब तुमच्याहून वेगळी आहे. तुमचा बोनस कंपनीच्या मर्जीचा, पत्रातल्या अटींवर चालणारा. त्याचा कायद्याचा. महिना २१,००० पर्यंत पगार आणि त्या आर्थिक वर्षात किमान ३० दिवस काम झालं असेल तर त्या वर्षाचा बोनस देय असतो, मध्ये नोकरी सोडली तरीही. फसवणूक, चोरी, हिंसक वर्तन अशा कारणांनी काढून टाकलं असेल तरच हक्क जातो. २०२५-२६ चा बोनस वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत द्यायचा आहे. किमान दर ८.३३ टक्के, तो महिना ७,००० किंवा किमान वेतन यांतला मोठा आकडा धरून. नुसत्या ७,००० वर बारा महिन्यांचे ६,९९७ रुपये होतात, किमान वेतन धरलं तर जास्त. त्याने कर्मचारी क्रमांक, काम केल्याचा काळ आणि चालू बँक खातं लिहून कंपनीला मेल करावा. जुनं पगार खातं बंद झाल्याने पैसे परत जातात, असं फार वेळा होतं. एप्रिल ते ऑगस्ट २०२६ चा हिस्सा पुढच्या वर्षीच्या बोनसात येईल, तोही मागायचा आहे हे त्याला सांगून ठेवा.

तुमच्या रजेचं: नोटीसच्या काळात रजा घेतली तर तितके दिवस नोटीस वाढवायची, असं कलम पुष्कळ पत्रांत असतं. तुम्हाला लवकर सुटायचंच नाही, ३१ जानेवारीपर्यंत पटावर राहायचं आहे. त्यामुळे रजा शिल्लक ठेवा आणि तिचे पैसे घ्या.

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वर्ग करा. जुन्या कंपनीची सोडल्याची तारीख आणि नव्या कंपनीची रुजू तारीख एकमेकींवर चढल्या तर वर्ग करताना अडतं. तुमच्या बाबतीत ३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी, अगदी स्वच्छ. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आधार, पॅन आणि पीएफवरचं नाव आत्ताच जुळवून घ्या. काही दुरुस्त्यांना जुन्या कंपनीची संमती लागते, आणि ती तुम्ही पटावर असेपर्यंत पटकन मिळते.

भरतीविभाग

भाऊ नवी नोकरी शोधत असेल तर या दिवसांत चाकण-भिवंडीच्या गोदामांत पॅकिंग आणि सॉर्टिंगची तात्पुरती कामं भरपूर निघतात, बहुतेक कंत्राटदारामार्फत. पीएफ-ईएसआय कापणार का, आणि करार कोणत्या तारखेला संपतो, हे आधी विचारायचं. नोंदणी, गणवेश किंवा ट्रेनिंगच्या नावाने कुणी आगाऊ पैसे मागितले तर तिथेच थांबायचं. पैसे गेलेच तर त्याच दिवशी १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) फोन. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत फिरते आणि अडवता येत नाही.

आणि ताई, ऑफर आली की पगारवाढीचं चक्र जरूर विचारा. अनेक कंपन्यांत ठरावीक तारखेनंतर रुजू झालेल्यांना त्या वर्षीची वाढ मिळत नाही. १ फेब्रुवारीला आलात आणि वाढ एप्रिलमध्ये असेल, तर पुढची वाढ थेट एप्रिल २०२८ मध्ये. चौदा महिने त्याच पगारावर काढायचे आहेत हे धरून आकडा बोला.

खातेवही

पदवीची मूळ प्रमाणपत्रं आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या स्कॅन करून आत्ताच एका फोल्डरमध्ये ठेवा. कंपनीच्या लॅपटॉपवर नको, घरच्या. दिवाळीत विद्यापीठाची कार्यालयं बंद असतात आणि पार्श्वभूमी पडताळणी तिथेच अडते.