मदत हवी आहे: प्रवाळ शेवाळाला आवरतो कसा?

तासगावकडच्या शाळेत नववीला विज्ञान शिकवतो. सहजीवन शिकवताना हरभरा उपटून मुळांवरच्या जिवाणूंच्या गाठी दाखवल्या, पोरं खूश. प्रवाळापाशी (समुद्रातला पोवळ्याचा प्राणी) गाडी अडली.

प्रवाळाच्या पेशीत राहणारं शेवाळ उन्हावर साखर बनवतं, त्यातली बरीचशी यजमानाला, म्हणजे प्रवाळाला देतं. बदल्यात त्याला कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया (त्यातून नायट्रोजन) मिळतो. इथवर ठीक. तेवढ्यात द्राक्षबागायतदाराचा पोरगा म्हणाला, "सर, युरिया जास्त झाला की वेल नुसती माजते, घड धरत नाही. शेवाळाचं पण तसंच?"

तसंच! नायट्रोजन वाढला की शेवाळ साखर स्वतःच्याच वाढीला वापरतं. पण मग प्रवाळ नायट्रोजन हात राखून देतो तो कसा? आलेल्या साखरेवरच अमोनिया अमिनो आम्लांत (प्रथिनांच्या घटकांत) बांधून टाकतो का? जाणकारांनी सोप्या मराठीत सांगावं. मालवणच्या सहलीआधी पोराला उत्तर द्यायचंय.