वाळू नसलेल्या सागरी टाकीत तपकिरी तंतू: मदत हवी आहे

खारेपाणी:
माझ्या प्रवाळांच्या टाकीत मी मुद्दाम वाळू घातलेली नाही, कारण तळाची काच उघडी असली की माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य सायफनने सहज ओढून घेता येते. तरीही तीन आठवड्यांपासून काचेवर आणि खडकांवर चिकट, तपकिरी तंतू येत आहेत. रविवारी काढले की मंगळवारी पुन्हा हजर. पाणी उत्तम आहे. कृपया नेमका उपाय सांगावा. ‘धीर धरा’ हे दुकानदाराने सांगून झाले आहे.

निळाई:
‘उत्तम’ म्हणजे किती? नायट्रेट, फॉस्फेट, टाकीचे वय, खडक जिवंत (जीवाणू वसलेले) आणले की कोरडे, आणि दिवे बंद झाल्यावर तंतू कमी होतात का, हे कळवावे.

जुनाजाणता:
वाळू टाळली की असेच होणार. सागरी जीवशास्त्रज्ञ झां जोबेर यांनी मोनॅकोत वाळूच्या थराखाली पोकळी ठेवून टाक्या चालवल्या, कारण थराच्या प्राणवायू नसलेल्या भागातले जीवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. चार इंच वाळू घाला.

भरतीओहोटी:
तेच काम सच्छिद्र खडकांच्या आतही होते. माझी टाकी सहा वर्षे वाळूविना आहे. वेव्हमेकर (पाणी हलवणारे पंप) असे लावले आहेत की घाण एकाच कोपऱ्यात साचते. खारेपाणी यांच्या टाकीत प्रवाह कमी असणार.

खारेपाणी:
टाकी ३०० लिटरची, चार महिन्यांची, खडक कोरडे आणलेले. नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्य, म्हणून तर उत्तम म्हटले. फॉस्फेट शोषक सगळेच वापरतात, म्हणून लिहिला नाही. तंतूंवर बुडबुडे असतात आणि रात्री ते कमी होतात. दोन गोगलगाई मेल्या, पण त्याचा इथे संबंध नसावा.

निळाई:
संबंध बहुधा आहे. ही लक्षणे डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांची वाटतात आणि त्यांतील काहींचे विष गोगलगाईंना भोवते. शून्य नायट्रेट-फॉस्फेटमुळे त्यांच्याशी स्पर्धा करणारे शैवाल आणि जीवाणू उपाशी राहतात, आणि मोकळी जागा यांना मिळते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे: त्यांतला ऑस्ट्रिऑप्सिस हा प्रकार असेल तर तो रात्री पाण्यात तरंगतो, त्यामुळे पाणी निर्जंतुक करणाऱ्या यूव्ही दिव्याचा उपयोग होतो, मोठा अँफिडिनियम हा प्रकार मात्र तळ सोडत नाही, आणि त्याला वाळू तर फारच आवडते.

जुनाजाणता:
हा टोला कळला. तरी जुन्या टाकीतला एखादा जिवंत खडक आणून टाका, जीवाणूंची विविधता वाढेल.

निळाई:
याला माझी पूर्ण संमती आहे.

रंगीबेरंगी:
वाळूत झोपणारे रॅस मासे अशा टाकीत कृपया ठेवू नयेत, ते बेचैन होतात.

खारेपाणी:
माझ्याकडे दोन क्लाउनफिशच आहेत. शोषक काढला. नायट्रेट कितीपर्यंत वाढू द्यावे?

निळाई:
नायट्रेट ५ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग), फॉस्फेट ०.०५ ते ०.१. सध्या पाणी बदलू नये. सायफनने ओढलेले पाणी बारीक पिशवीतून गाळून परत सोडावे आणि विषासाठी सक्रिय कोळसा ठेवावा.

खारेपाणी:
पिशवी किती मायक्रॉनच्या छिद्रांची?

भरतीओहोटी:
दहाची घ्या. आणि प्रवाहाचे तेवढे अजून सांगितले नाहीत.