दोन महानगरांमधला किनारा मोठ्या शहराविना का राहिला?

प्रश्न:
कॅलिफोर्नियात सान्ता क्रूझहून मॉन्टरे आणि सॅन लुइस ओबिस्पो काउंटींमधून सान्ता बार्बरापर्यंत आम्ही मोटारीने गेलो. सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस यांच्यामध्ये असूनही या पट्ट्यात मोठे बंदर किंवा औद्योगिक शहर दिसले नाही. भाजीपाल्याची शेती मात्र नजर पोहोचेल तिथवर होती. याचे कारण भूगोलात शोधावे की इतिहासात?

प्रतिसाद १:
दोन्हींत. स्पॅनिश आणि मेक्सिकन अमलात मॉन्टरे हीच आल्टा कॅलिफोर्निया या प्रांताची राजधानी होती. परंतु १८४८ मध्ये सोने सापडल्यावर जहाजे सॅन फ्रान्सिस्कोकडे वळली, कारण तेथील उपसागर बंदिस्त असून नद्यांच्या मार्गाने खाणींच्या प्रदेशाशी जोडलेला होता, तर मॉन्टरेचा उपसागर समुद्राकडे सताड उघडा आहे. दक्षिणेला सान्ता लुसिया डोंगर थेट पाण्यातून उभा राहतो. या डोंगराळ किनाऱ्याचा, म्हणजे बिग सरचा, रस्ता १९३७ मध्ये खुला झाला, आणि २०१७ मध्ये मड क्रीकची दरड कोसळल्यावर त्याचा एक भाग वर्षभराहून अधिक काळ बंद होता.

प्रतिसाद २:
शेतीचे उत्तर डोंगरांच्या दिशेत आहे. सॅलिनासचे खोरे वायव्येला मॉन्टरे उपसागराकडे उघडते. उन्हाळ्यात किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाकडचे गार पाणी वर येते, त्यावर धुके धरते आणि दुपारचा वारा तो गारवा खोऱ्यात आत ओढून नेतो. लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) उष्णतेने फुलोऱ्यावर येऊन कडू होते. म्हणूनच डोंगरापलीकडचे सेंट्रल व्हॅली होरपळत असताना सॅलिनासमध्ये त्याची काढणी चालू असते. याच उपसागराजवळच्या कॅस्ट्रोव्हिलची आर्टिचोक (फुलाच्या कळीची भाजी) आणि वॉटसनव्हिलची स्ट्रॉबेरीही याच गारव्यावर पोसली जाते. नोव्हेंबरच्या सुमारास लेट्यूसचा हंगाम ॲरिझोनातील युमाकडे सरकतो आणि अनेक मजूर व यंत्रेही त्याच्यामागे जातात. शेतीचा हा वार्षिक मुक्काम-बदल मला सर्वांत विलक्षण वाटतो.

प्रतिसाद ३:
उद्योग अगदीच नव्हते, असे नाही. मॉन्टरेतील सार्डिन डबाबंद करण्याचे कारखाने १९४० च्या दशकापर्यंत भरभराटीत होते. मासे संपले आणि कारखाने ओस पडले. वरील उत्तरात पाण्याचा उल्लेख राहिला आहे. सॅलिनास खोऱ्याला बाहेरून कालव्याचे पाणी मिळत नाही, सिंचन मुख्यतः भूजलावर चालते. अतिउपशामुळे किनाऱ्याजवळच्या भूजलात समुद्राचे खारे पाणी शिरले आहे, म्हणून कॅस्ट्रोव्हिलच्या मळ्यांना १९९८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पुरवले जाते. तरीही खारेपणा आत सरकणे थांबलेले नाही.