परदेशातलं ते एक महागडं जेवण : जागा कशी निवडलीत?

शिवाजीपार्ककर

परदेशी जायचं ठरलं की विमान, व्हिसा आणि हॉटेल यांवर आपण महिनाभर डोकं चालवतो. सहलीतल्या सगळ्यात महागड्या जेवणाची जागा मात्र पाहिलेल्या एखाद्या रीलवर ठरते. म्हणून हा धागा. काय खाल्लंत ते ओघात येऊ द्या, पण मुख्य प्रश्न जागा कशी निवडलीत हा आहे. कुठे शोधलंत, कोणाला विचारलंत, सोबत शाकाहारी माणूस असेल तर काय केलंत, पैसे वसूल झाले का, सगळं लिहा. 'परदेशात वरणभात कुठे मिळाला' यासाठी वेगळा धागा काढू, इथे नको.

सुरुवात मीच करतो. आम्ही दोघं, पॅरिस. माझा नियम असा की मिशेलिन गाइडने रेस्टॉरंटांना दिलेले तारे बघायचे, पण जेवायचं दुपारी. तिथल्या बऱ्याच तारांकित ठिकाणी आठवड्याच्या मधल्या दिवसांत दुपारचा छोटा मेन्यू असतो. स्वयंपाकघर तेच, हात तेच, पदार्थ कमी आणि बिल रात्रीपेक्षा बरंच हलकं. मिशेलिन ही मुळात टायरची कंपनी. मोटारवाल्यांनी फिरावं, टायर झिजवावेत म्हणून त्यांनी १९०० साली गाइड काढलं. त्यांच्या हिशेबात एक तारा म्हणजे वाटेत असेल तर थांबा, दोन म्हणजे वाट वाकडी करून जा आणि तीन म्हणजे त्या जेवणासाठीच प्रवास करा. आम्ही पॅरिसमध्ये पोहोचलेलोच होतो, तेव्हा आम्हाला एकच तारा पुरेसा होता! हे तारे फक्त ताटातल्या अन्नाला असतात, झुंबरांना आणि मखमली खुर्च्यांना नाही, हेही ध्यानात ठेवा. आमची जागा एका गल्लीत होती, टेबलं मोजकी. मधेच वेटर आला आणि चांदीच्या वळलेल्या पातीने टेबलावरचा पावाचा चुरा गोळा करून गेला. माझ्या बाजूचा ढीग बायकोच्या बाजूपेक्षा मोठा होता, हे तिने अजून विसरू दिलेलं नाही.

फ्रान्समध्ये कर आणि सेवाशुल्क किमतीतच धरलेलं असतं, त्यामुळे मेन्यूवरचा आकडा हाच बिलावरचा आकडा. नळाचं पाणी मागितलं तर फुकट देतात. मागायला लाजू नका.

मुलुंडची सून

आमच्या सासूबाई अंडंही खात नाहीत. अशा माणसाला घेऊन जाताना तारे बघून काही ठरत नाही, मेलला काय उत्तर येतं त्यावर ठरतं. मी नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहून सोडत नाही. मांस, मासे, अंडी नकोत, मासे किंवा हाडं उकळून काढलेला स्टॉक नको, जिलेटिन नको, दूध-लोणी चालेल, असं सगळं लिहून काढते. इटलीत चीजचंही वेगळं लिहावं लागतं, कारण पार्मिजानो रेजानो वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय (दूध फाडणारं द्रव्य) होतच नाही. यावर जे रेस्टॉरंट दोन ओळींत का होईना पण नेमकं उत्तर देईल, तिथे बुकिंग. 'नो प्रॉब्लेम' एवढंच आलं तर मी पुढचं दार ठोठावते.

जपानला जाताना सगळ्यात जास्त मेलामेली झाली. तिथे भाजी, सूप अशा बहुतेक पदार्थांत दाशी नावाचा स्टॉक असतो आणि तो बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाचा. ताटात मासा दिसत नाही, पण असतो. टोकियोतल्या सुशीवाल्यांनी सरळ 'जमणार नाही' असं कळवलं आणि मला त्यांचा राग नाही आला, उलट बरं वाटलं. मग क्योतोकडे वळले. अराशियामाच्या तेनर्यूजी मंदिरात 'शिगेत्सु' म्हणून भोजनगृह आहे. तिथे शोजिन र्योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या परंपरेतलं जेवण मिळतं. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूण नाही, आणि स्टॉक कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाचा किंवा शिताके मशरूमचा. आधी बुकिंग केलं होतं. बागेचं तिकीट वेगळं काढावं लागतं.

तातामी चटयांवर ओळीने बसायचं, समोर लाल लाखेचं ताट, त्यात झाकणाचे छोटे वाडगे. तिळाच्या टोफूवर वसाबीचा एवढासा ठिपका, मिसो लावलेलं वांगं, भात, लोणचं. सासूबाईंनी एकेक झाकण उघडून आधी वास घेतला, मग मला बारीक आवाजात म्हणाल्या, "अगं, ही तर पंगत!" आग्रह करायला कोणी येत नाही एवढी एकच तक्रार होती. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर जमिनीवर बसणं जमेल का ते आधी विचारा. आणि जैन मंडळींनी लक्षात घ्या, कांदा-लसूण नसला तरी कमळकाकडी, मुळा, गोबो अशी कंदमुळं या जेवणात हमखास असतात.

ठाकुरद्वार

सगळे सुसंस्कृत झालेत इथे. मी मासे खाणारा माणूस, माझी पद्धत वेगळी. एका गावात एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या करणारं दुकान शोधायचं. त्याला तारा असला तर ठीक, नसला तर अधिक ठीक.

स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर सान सेबास्तियानहून तासाभराच्या आत गेतारिया नावाचं कोळ्यांचं गाव आहे. मॅगेलन वाटेत मारला गेल्यावर ज्याने १५२२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली, तो एल्कानो इथलाच. 'एल्कानो' याच नावाचं रेस्टॉरंट आहे, कोळशावर अख्खा टर्बो भाजतात. टर्बो म्हणजे थाळीएवढा चपटा मासा, आपल्या पापलेटाचा जाडजूड काका. तारा आहे त्यांना, पण मी गेलो तो त्या जाळीसाठी. वेटर टेबलाशी उभा राहून माशाचे भाग सोडवतो. पाठीचं मांस कोरडं, पोटाचं तेलकट, कातडीखालचा चिकट थर वेगळा, आणि शेवटी डोकं आणि कल्ल्याजवळचा भाग. मी डोक्याकडे हात नेला तेव्हा तो खूश झाला. बाकीचे लोक ते ताटात तसंच ठेवून उठतात म्हणे. मासा वजनावर लावतात, तेव्हा आधी किलोचा भाव विचारायचा आणि मासा बघून घ्यायचा. भाऊच्या धक्क्यावर विचारतो तसंच, फक्त घासाघीस नाही.

उंच इमारतीवरून शहर दिसणाऱ्या रेस्टॉरंटांबद्दल मात्र माझं मत वाईट आहे. युरोपातल्या एका प्रसिद्ध शहरात असं एक जेवण जेवलो. खिडकीबाहेर सगळं शहर, ताटात रबरासारखं कालव. तिथे पैसे उंचीचे लावतात.

पार्लेकर

ठाकुरद्वारांना +१, खिडकीबद्दल.

आमचा मुक्काम सिंगापूर, सोबत नातवंडं. तिथे मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसली की समजायचं, १० टक्के सेवाशुल्क आणि त्या बेरजेवर ९ टक्के जीएसटी वर लागणार. म्हणजे २०० डॉलरचा मेन्यू जवळजवळ २४० ला पडतो. चार माणसांचा हिशेब बसल्याजागी करा, म्हणजे बिल आल्यावर घाम फुटणार नाही. बऱ्याच टेस्टिंग मेन्यूवाल्या (ठरलेले छोटे छोटे पदार्थ एकामागून एक आणणाऱ्या) जागा लहान मुलांना घेत नाहीत, आणि खरं सांगायचं तर घेऊही नयेत. आठ वर्षांच्या पोराला तीन तास गप्प बसवण्यात कोणाचंच भलं नाही. आम्ही मुलांना हॉकर सेंटरला, म्हणजे तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडपात नेलं, त्यांच्या आईबापांना एक संध्याकाळ मोकळी दिली.

वाशीवाला

बँकेत आयुष्य गेलं, त्यामुळे पैशाचं मी सांगतो.

कार्ड मशीनवर 'रुपयांत की तिथल्या चलनात' असं विचारलं तर तिथलं चलनच निवडा. रुपये निवडलेत की दर दुकानदाराची बँक ठरवते, आणि तो आपल्या बाजूचा कधीच नसतो. आपल्या कार्डाचं फॉरेन मार्कअपही, म्हणजे परदेशातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क, आधी बघून ठेवा. साडेतीन टक्क्यांपर्यंत लागतं, काही कार्डांना अजिबात नसतं.

न्यूयॉर्कला लेक असते. तिथे विक्रीकर ८.८७५ टक्के, वर टिप १८ ते २० टक्के धरूनच चला. जपानमध्ये याच्या बरोबर उलटं, टिप ठेवलीत तर पोरगा धावत परत द्यायला येईल. न्यूयॉर्कला पैसे आधी भरून टेबल घ्यायच्या जागा वाढल्या आहेत, तेव्हा परताव्याच्या अटी वाचा. ते बुकिंग दुसऱ्याच्या नावावर करता येत असेल तर उत्तम. आणि पोहोचल्या दिवशीचं बुकिंग अजिबात नको. उन्हाळ्यात तिथे रात्रीचे आठ म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. आमच्या मंडळी चौथ्या कोर्सला बसल्याबसल्या घोरल्या. वेटरने पुढची थाळी अलगद बाजूला ठेवली, हे त्याचं शिक्षण.

वांद्रे पूर्व

मी माणूस बघून जागा निवडते. बँकॉकला 'गा' या रेस्टॉरंटमध्ये गेले ते तिथली शेफ गरिमा अरोरा हिच्यासाठी. मुंबईत वाढलेली, इथल्या जयहिंद कॉलेजात शिकलेली, आधी पत्रकार होती. २०१८ साली मिशेलिनचा तारा मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ती. तिच्या मुलाखती वाचूनच मी ठरवलं होतं. कोवळा फणस भाजून, सोबत पोळी आणि लोणची, असा तिचा पदार्थ गाजलेला आहे. मी रत्नागिरीकडची, कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी खाऊन वाढले, त्यामुळे जरा भुवया उंचावूनच बसले होते. पहिल्या घासाला भुवया खाली आल्या.

ठाकुरद्वार

बँकॉकला जाऊन फणस? तो आमच्या अलिबागच्या परसात पडून असतो.

वांद्रे पूर्व

तुम्ही स्पेनला जाऊन भाजका मासाच खाल्लात ना काका? दुबईच्या 'ट्रेसिंड स्टुडिओ'ला २०२५ मध्ये तीन तारे मिळाले, भारतीय जेवणाच्या रेस्टॉरंटला पहिल्यांदाच. मिशेलिनने भारताचं गाइड अजून काढलेलं नाही. तोवर आपलं जेवण बाहेर कुठवर गेलंय ते बाहेरच बघावं लागणार.

शिवाजीपार्ककर

भांडा, पण बुकिंगचं पण लिहा.

ठाणे पूर्व

लिहितो. नावाजलेल्या जागांची टेबलं ठरावीक दिवशी, तिथल्या घड्याळाप्रमाणे उघडतात. पॅरिसचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे दीड, हिवाळ्यात अडीच. मी फोनवर गजर लावून ऑफिसच्या जिन्यात उभा राहून बुकिंग केलंय. नाही मिळालं तर वेटलिस्टवर नाव टाका. अनामत परत मिळण्याची मुदत संपायच्या आदल्या दिवशी लोक पटापट टेबलं सोडतात, आमचं तसंच मिळालं. टोकियोसाठी ताबेलॉग या रेस्टॉरंटांना गुण देणाऱ्या जपानी साइटवर शोधा, पण आपल्या डिलिव्हरी ॲपची सवय सोडून. तिथले लोक आकडे देताना हात आखडता घेतात, पाचपैकी साडेतीनच्या वर गेलेली जागा चांगलीच असते. सुशीच्या काउंटरवर जाताना अत्तर नको, शेजारच्याच्या माशाचा वास मरतो.

वाईन पेअरिंगचं, म्हणजे प्रत्येक पदार्थासोबत जुळणारी वाईन देतात त्याचं, कोणी लिहिलं नाही. ते कधीकधी जेवणाच्या किमतीला पोहोचतं. बायको घेत नाही, तिच्यासाठी बिनदारूचं पेअरिंग विचारलं तर कोपनहेगनला फळांचे आणि झाडपाल्याचे इतके सुरेख रस आले की मीच तिचा ग्लास लांबवत होतो. आणि दोघांत एक पेअरिंग मागितलं तर कोणी हसत नाही. दुसरा रिकामा ग्लास न मागता आणून ठेवतात.