व्हिन्सेंटबद्दल थोडी भर

अमेरिकेतले जॉन हेल व्हिन्सेंट यांची ओळख कुणीतरी 'मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) बिशप' एवढीच दिली आणि त्यांचं काम म्हणजे 'फक्त धर्मप्रचार' असा शेरा मारला, म्हणून थोडी भर. बिशप ते 1888 मध्ये झाले. खरं काम त्याआधीचं. गलीना, इलिनॉय इथे पाळक असताना त्यांच्या प्रवचनांना येणाऱ्यांत युलिसिस ग्रँट होते, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले, पण तेव्हा कुणाच्या खिजगणतीतही नसलेले! पुढे व्हिन्सेंट चर्चच्या रविवारच्या शाळांसाठी (मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या) नियतकालिकं काढू लागले. शिकवणाऱ्यालाच आधी शिकवलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. 1874 मध्ये उद्योजक ल्युइस मिलर यांच्यासोबत न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा सरोवराकाठी अशा शाळांच्या शिक्षकांचं शिबिर भरवलं. तिथे काठावर पवित्र भूमीचा (बायबलमधल्या पॅलेस्टाइनचा) जमिनीवरच नकाशा केला होता आणि भूमध्य समुद्र म्हणून चक्क सरोवरच वापरलं होतं. मला तर ही युक्ती फारच आवडते.

स्वतःला कॉलेजात जाता आलं नाही ही सल त्यांना कायम होती. 1878 मध्ये सुरू केलेला चार वर्षांचा घरबसल्या वाचनक्रम त्यातूनच आला असावा, असं मला वाटतं. त्यात विज्ञान, इतिहास, साहित्य सगळं होतं, त्यामुळे 'फक्त धर्मप्रचार' हा शेरा मला पटत नाही.

जाता जाता: मिलर यांची मुलगी मीना म्हणजेच एडिसन यांची दुसरी पत्नी.